नोको फेकू, कामी पडते

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडात वाढलेल्या आमच्या वयाच्या कोणालाही विचारा, घरातली सगळ्यात जुनी बादली शेवटी कुठे गेली? बहुतेक जण एकच उत्तर देतील: तिची शेगडी झाली.

बुडाला गंज लागून पाणी झिरपायला लागले की बादली पाण्याच्या कामातून सुटायची. मग घरातला एखादा काका छिन्नी-हातोडा घेऊन तिच्या पोटाला, खालच्या अंगाला, राख ओढता येईल एवढे तोंड पाडायचा. मधोमध लोखंडी सळया आडव्या बसवायच्या. आतून माती, शेण आणि भुसा एकत्र मळून जाड लेप द्यायचा, काठावर भांडे टेकायला मातीचे तीन उंचवटे करायचे आणि आठवडाभर उन्हात वाळवायचे. अशी शेगडी दुकानातल्या शेगडीपेक्षा जास्त टिकायची, कारण तिचा लेप तडकला की आई दुपारीच नवा लावायची. सकाळी ती अंगणात पेटायची. खाली काड्या, त्यावर रॉकेलात भिजवलेली चिंधी, वर दगडी कोळसा. पिवळा धूर निघून जाईपर्यंत तिला आत आणायची मनाई होती. गल्लीतल्या प्रत्येक दारात एकेक शेगडी धुमसत असायची आणि आम्ही त्या धुरातूनच शाळेत जायचो.

कोळसा आमच्या गावाच्या पायाखालचाच. उघडी खाण सुरू झाली आणि विणकरांचे, मिरचीच्या बाजाराचे गाव खाणीचे गाव झाले. 1975मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोळसा कंपनी आली तोवर कोळसा आमच्या स्वयंपाकघरात मुरला होता. पण खाण जवळ आहे म्हणून कोळसा उधळायचा, असे कोणाच्या घरी नव्हते. पोत्याच्या तळाशी उरलेली चुरी फेकली जात नसे. उन्हाळ्यात ती चुरी, चिकणमाती आणि शेण कालवून लाडवांएवढे गोळे वळायचे आणि छपरावर वाळत घालायचे. गोळा हळू जळतो, दूध आटवायला, वरण शिजवायला तोच बरा. शेगडीतले अर्धे जळलेले निखारे पाणी मारून विझवायचे, ते संध्याकाळी पुन्हा कामाला. जळून दगड झालेले खंगर पावसाळ्यात दारापुढच्या काळ्या चिखलावर टाकायचे, म्हणजे पाय रुतत नाही. भांडी घासायला मात्र ही राख चालत नसे, ती भांड्याला ओरखडे पाडते. त्यासाठी चुलीतली, पऱ्हाटीची आणि गोवऱ्यांची मऊ राख वेगळ्या डब्यात असे. पितळेला चिंच. घरात दोन राखा आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत, हे सात-आठ वर्षांच्या मुलीला पाठ असायचे. "नोको फेकू, कामी पडते," हे वाक्य आम्ही दिवसातून किती वेळा ऐकले असेल.

आता लुगड्याचे सांगते, कारण खरे शिक्षण तिथे होते.

उमरेडचे रेशीमकाठी कापड जुन्या गॅझेटियरांत नोंदलेले आहे. कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात खड्ड्यातल्या मागांचा खटखटाट आमच्या लहानपणीही ऐकू यायचा. घरात नागपूरच्या एम्प्रेस मिलचे कापड असे, ती गिरणी 1877पासूनची. पण सणाचे लुगडे हातमागाचेच. आजीचे नऊवारी आधी मधोमध विरायचे, बसण्याच्या जागी. तेव्हा ते तिथेच कापायचे आणि दोन्ही चांगली टोके जोडून दंड घालायचा. दंड घातलेले लुगडे घरात नेसायला आणखी दोन-तीन वर्षे जात असे. दंडही फाटला की काठ उसवून बाजूला. रेशमी काठ कधी मरत नाही, तो धाकटीच्या परकराला लागायचा. मऊ झालेल्या अंगाची बाळाची दुपटी आणि झोळी. त्यातून उरले त्याची वाकळ. वाकळ विरली की तिचे तुकडे जमीन सारवायच्या पोतेऱ्याला, डोक्यावरच्या घागरीखालच्या चुंबळीला, गरम भांडे धरायच्या फडक्याला. अगदी शेवटी राहायची ती चिंधी सकाळच्या शेगडीत. एका लुगड्यात आजी, आई आणि नातवंडे, तिघांचेही आयुष्य निघून जाई.

वाकळ शिवणे हे दुपारचे काम होते, आणि ते एकटीचे नव्हते. चार घरच्या बाया ओसरीवर जमायच्या. जुनी लुगडी खालीवर, मध्ये फाटक्या धोतरांचे थर, सगळे ताणून चारी कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवायचा. धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोनी फिरत फिरत मध्यापर्यंत यायचा. दोरा विकत आणलेला नसे. मागावरचे कापड उतरले की ताण्याच्या ज्या दशा फणीत उरतात, त्यांचा गुंडाळा कोष्ट्यांच्या घरून यायचा, बदल्यात कधी पायलीभर तांदूळ जायचे, कधी नुसताच निरोप. टाका किती बारीक, यावरून बाईचा हात ओळखला जायचा. माझ्या एका काकूचा टाका इतका एकसारखा होता की तिने शिवलेली वाकळ लग्नात मुलीसोबत दिली जायची. ही कला होती. तिला त्या काळी तसे कोणी म्हणाले नाही, म्हणून आज म्हणते.

डब्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा थोडक्यात. पिवळ्या डालड्याच्या डब्यात तुळस, डाळ मोजायला छोटा डबा. तेलाचा पंधरा किलोचा पिपा कापून सरळ केला की न्हाणीचे दार किंवा कोंबड्यांच्या खुराड्याचे छप्पर. दौतीच्या झाकणाला भोक पाडून चिंधीची वात ओवली की चिमणी, तिच्या उजेडात आमच्यापैकी कित्येकांनी अभ्यास केला आहे. तुऱ्हाटीचा खराटा, पऱ्हाटीचे कुंपण, टायरच्या चपला. कोहळ्याच्या बिया धुऊन वाळवून खायच्या, चिंचोके भाजून. शिळ्या पोळीचा कुस्करा कांदा-तिखट घालून, आणि त्यात भिवापुरी मिरची असेल तर ताज्या पोळीपेक्षा तोच हवा वाटायचा.

हे सगळे घरातल्या घरात होत नव्हते. बाहेरून येणारी माणसे नसती तर आमची काटकसर अर्ध्यावर अडली असती. 1908पासून धावणाऱ्या नागपूर-नागभीड छोट्या गाडीने त्यांच्यातली बरीच जणे यायची. कल्हईवाला यायचा तेव्हा कडुनिंबाखाली खड्डा करून भाता लावायचा. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर, मग कथलाचा तुकडा, कापसाच्या बोळ्याने एक झटका, आणि काळे पितळ आतून चांदीसारखे. मुलांना ती जादू वाटायची, पण आई कल्हईची तारीख चुकवत नसे, कारण कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट वरण कळकते. जात्याला टाकी लावणारी बाई यायची, त्याच्या दगडांवर छिन्नीने नवे दात पाडायची. पिंजारी खांद्यावर ती लांब धनुकली घेऊन यायचा आणि गादीतला दगड झालेला कापूस तासाभरात फुलवून द्यायचा. फुटक्या डब्याला झाळणारा, पावसाळ्याआधी छत्र्यांच्या काड्या बदलणारा, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई. तिच्याशी घासाघीस करताना आमच्या आया इतक्या कडक व्हायच्या की आम्हाला त्या बाईची दया यायची. ती मात्र जाता जाता पाणी मागून पिऊन, मांडीवरच्या पोराला पाजून, पुढच्या महिन्याचे सांगून जायची.

शाळेचेही तेच. बालभारती 1967मध्ये सुरू झाली, आणि तिची पुस्तके अनेक वर्षे बदलत नसत, हा आमच्यासारख्या घरांवर मोठा उपकार होता. एकच मराठीचे पुस्तक मोठ्या भावाकडून शेजारच्या मुलीकडे, तिच्याकडून धाकट्याकडे. कव्हर जुन्या वर्तमानपत्राचे, त्यावर कॅलेंडरच्या पानाचे. एप्रिलमध्ये निकाल लागला की सगळ्या वह्यांची कोरी पाने फाडून दाभणाने शिवायची, ती पुढच्या वर्षीची गणिताची वही. पाटीची फुटलेली खापरी अंगणात बिल्लस खेळायला.

आमच्या वडीलधाऱ्यांना यात लाज वाटत नव्हती, त्याचे एक कारण विदर्भातच आहे. डोक्यावर खापर, अंगात चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच घालून, हातात खराटा घेऊन फिरणारे गाडगेबाबा त्यांनी पाहिले होते. बाबा 1956मध्ये गेले. वर्धेजवळच्या सेवाग्रामला गांधीजी आलेल्या पत्रांची पाकिटे उलटवून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे, हेही घराघरांत माहीत होते. टाकाऊ म्हटलेल्या वस्तूकडे पाहण्याची नजर गरिबीतून आली हे खरे, पण ती मान ताठ ठेवून आली.

तरीही या आठवणी गोड करून सांगायला माझे मन घेत नाही. या काटकसरीचा भार सगळ्यांवर सारखा नव्हता. भावाला दिवाळीला नवा सदरा मिळाला तर बहिणीला मोठ्या बहिणीचा झगा आखूड करून. तिच्याकडे पोचेपर्यंत त्या झग्याची फुले पुसलेली असत. अकरावीपर्यंत शाळेत एकदाही नवीन पुस्तक हातात घेतल्याचे आमच्यातल्या कित्येक मुलींना आठवत नाही. वाकळ शिवणाऱ्या, गोळे वळणाऱ्या, राख गाळणाऱ्या हातांना सुट्टी नव्हती, आणि घराने वाचवलेला पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेगडीच्या धुराने आयांची छाती भरली, त्या उतारवयात खोकत राहिल्या. कल्हईवाला, पिंजारी, टाकी लावणारी यांची हातची कामे जातीला बांधलेली होती आणि पोट जेमतेम भरायचे. त्यांच्या मुलांनी तो धंदा सोडला तर त्यांनी योग्यच केले. आमच्या सोयीसाठी त्यांनी उन्हातान्हात फिरत राहावे, असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही.

म्हणून नवी पिढी उधळी झाली असे लोक म्हणतात, तेव्हा मला ते पटत नाही. माणसांची नियत बदलली नाही, कामाची साखळी तुटली. गॅस आला आणि शेगडी गेली, त्याचा आनंदच आहे. स्टील आले आणि कल्हई संपली. मुली शिकून नोकरीला लागल्या, दुपारच्या ओसऱ्या रिकाम्या झाल्या, त्या जागी कोणी दुसरा बसायला आला नाही. भाऊ आणि नवरे बसले असते तर वाकळ शिवायची राहिली नसती. छोटी गाडी 2019च्या नोव्हेंबरात बंद झाली, रुंद रुळांसाठी. फिरते कारागीर त्याच्या आधीच येईनासे झाले होते. आणि साखळी तुटल्यावर वस्तूंना पुढे जायला वाट उरली नाही. आता घरातली प्रत्येक वस्तू एकाच रस्त्याने घंटागाडीत जाते. नागपूरच्या भांडेवाडीला जो कचऱ्याचा डोंगर उभा आहे, त्यात चिंध्या केवढ्या असतील ते पाहून आमच्या आज्यांना झोप लागली नसती.

2018मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा शहरांतून कापडी पिशव्या वाटल्या गेल्या, त्यांवर घोषणा छापलेल्या. आमच्या बाजारात भाजी घ्यायला जुन्या पॅन्टच्या पायाची शिवलेली पिशवी घेऊन येणारी माणसे तेव्हाही होती आणि आजही आहेत, बहुतेक आमच्याच वयाची. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी आम्ही अजून लिहितो. पण एवढ्याने साखळी जुळत नाही, तरुण हात लागतात, आणि यावेळी ते फक्त मुलींचे नकोत. यंदाच्या उन्हाळ्यात नातवंडे सुट्टीला आली तेव्हा माडीवरच्या जुन्या साड्या काढल्या, ओसरीवर पसरल्या आणि सुई आधी नातवाच्या हातात दिली. त्याने आधी नाक मुरडले. मग बोटाला एकदा टोचले, मग धावदोरा जमायला लागला. टाके वाकडेतिकडे पडले, पण एक कोपरा त्याने एकट्याने पुरा केला, आणि आता फोनवर बहिणीआधी तोच विचारतो, आजी, दिवाळीत दुसरी शिवायची ना?