घरची बिअर, घरचा हिशेब

घरी केलेली वस्तू स्वस्त पडते, या श्रद्धेवर मराठी मध्यमवर्ग उभा आहे. पापड, लोणची, कुरडया, सांडगे, सगळं घरी. त्यामुळे इंग्लंडात डर्बीला राहणारे आमचे चिरंजीव जेव्हा म्हणाले, "बाबा, पबमध्ये एका पाइंटला पाच पौंड मोजण्यापेक्षा मी बिअर घरीच करतो," तेव्हा 'बिअर' ऐकून मी दचकलो खरा, पण 'घरीच करतो' ऐकून ऊर भरून आला. पोरगा वाया गेला असेल, पण घराण्याचं वळण सुटलं नव्हतं.

"पण पोलीस?" ही सौ.ची पहिली शंका. रास्तच होती. आपल्याकडे 1949चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. विलायतेतही 1880च्या कायद्यापासून परवाना लागत असे. तो 1963 साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. आता घरच्यापुरती करा, फक्त विकायची नाही. "विकायची कशाला? घरचं लोणचं आपण विकतो का?" असं म्हणून सौ.ने खटला निकालात काढला.

कृती ऐकल्यावर तर ती पुढेच सरसावली. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. "अगबाई, हे तर नाचणीचं सत्त्व!" म्हणजे नातवंडांसाठी नाचणीला मोड आणणारी आपली आजी बिअरच्या अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन परत येत होती, एवढंच! अर्थात चिरंजीवांना मोडबीड आणायचे नव्हते. ते सगळं कारखान्यात होऊन, हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा घालून, काकवीसारखा दाट पाक डब्यातून येतो. तो गरम पाण्यात ढवळायचा, किलोभर साखर घालायची, गार पाणी ओतून 23 लिटर करायचं आणि 20 अंशांच्या आसपास आलं की वर यीस्ट भुरभुरायचं. झाकणाला एक वाकडी नळी असते, तिच्यात थोडं पाणी. आतला वायू बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. दुसऱ्या रात्री बादली गुडगुडायला लागली. सौ. दोनदा उठून बघून आली. माझ्या खोकल्याला ती कधी उठल्याचं स्मरत नाही.

मग हायड्रोमीटर. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरचा हा सख्खा भाऊ. पहिल्या दिवशी 1.040 दाखवत होता, आठवड्याने 1.010. तेवढी साखर यीस्टने खाल्ली आणि बिअर सुमारे चार टक्क्यांची झाली. दूधवाल्यावर आयुष्यभर संशय घेतलेल्या माणसाला हे यंत्र शिकवावं लागत नाही.

पण खरं सांगू? बिअर करणं म्हणजे भांडी घासणं. बादली, नळी, चमचा, थर्मामीटर, सगळं आधी घासायचं, मग निर्जंतुक करायचं. जरा हयगय झाली की बिअर आंबट. लोणच्याच्या बरणीत ओला हात घातल्यावर होतं तेच. त्यात अर्ध्या लिटरच्या 44 बाटल्या. त्याही तपकिरीच, कारण उजेड लागला की हॉप्सला वास येतो. शेजारपाजारच्यांकडून मागून आणलेल्या या बाटल्यांची लेबलं सौ.ने कोमट पाण्यात भिजवून खरवडली, ब्रशने आतून घासल्या आणि पालथ्या घातल्या. चिरंजीवांनी प्रत्येकीत अर्धा चमचा साखर टाकली, बिअर भरली आणि बुचं दाबली. हा अर्धा चमचा फेसासाठी. जास्त झाला तर बाटली फुटते. मग दोन आठवडे उबेला.

तेवढ्या अवकाशात मी वही काढली. जन्म हिशेबखात्यात गेला, हात गप्प बसत नाही. बादली, बुचं दाबायचं यंत्र वगैरे सामान 68 पौंड, पाकाचा डबा 26, साखर 1, धुण्याची पूड 5. बरोब्बर शंभर. चाळीसेक पाइंटना वाटले तर पाइंटला अडीच पौंड. "आणि दुसऱ्या खेपेला सामान नाही, बाबा! बत्तीस पौंडांत चाळीस पाइंट. ऐंशी पेन्स!" चिरंजीवांचा चेहराच फसफसला.

"बाटल्या धुतल्याचे किती धरले?" सौ.ने विचारलं.

"अगं, घरच्या माणसांची मजुरी धरत नाहीत."

"कोणाच्या वहीत?"

मी पेन्सिलीला टोक काढू लागलो. "सहा तास लागले मला. इथल्या दराने मांडा. मांडा ना! मग तुमचा पाइंट पबच्या वर जातो की खाली, बघू. आणि तो आकडा आला की त्याच पानावर बेचाळीस वर्षांचे पापड घ्या."

चिरंजीव खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, डर्बीचा पाऊस होता.

बिअर चांगली झाली. मी घोटभर घेतली. कडवट, जराशी पावाच्या वासाची. सौ.ने नुसता वास घेतला आणि "आंबोळीचं पीठ" असा शेरा मारला.

दुसऱ्या खेपेलाही बाटल्या 44च. बावीस चिरंजीवांनी घासल्या, बावीस मी. सौ. खुर्ची घेऊन मोरीशेजारी बसली होती. एकेक बाटली उजेडाकडे धरायची, बुडाशी निरखून बघायची आणि माझ्या पुढ्यात ठेवायची. "ही परत."