बेटावर जेवायचं कुठं?

अंदमानला निघायच्या आठ दिवस आधीपासून आमच्या दोन घरांत एकच चर्चा होती, तिथं खायचं काय? समुद्र, कोरल, सेल्युलर जेल हे सगळं नंतर.

दोन घरं म्हणजे एक आमचं आणि एक माझ्या मित्राचं. दोन्ही रिद्धपूरची. रिद्धपूर ही महानुभावांची काशी. गोविंदप्रभूंचं गाव. म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथंच सिद्ध केलं. आता मराठी भाषा विद्यापीठही इथं आलंय. मित्राचं घर पक्कं महानुभाव. त्याच्या आईनं, म्हणजे काकूंनी, तरुणपणीच उपदेश घेतलेला. मांस-मच्छी शिजते त्या भांड्यातलं पाणीही त्यांना चालत नाही. आमच्या घरी हलाल नसेल तर मटणाला हात लावत नाहीत. अशी पाच माणसं, मी, माझी बायको, मित्र, वहिनी आणि काकू, 2024 च्या जानेवारीत बडनेऱ्याहून गीतांजलीनं हावड्याला आणि तिथून विमानानं पोर्ट ब्लेअरला गेलो. (तेव्हा ते पोर्ट ब्लेअरच होतं. श्री विजयपुरम हे नाव त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलं.) काकूंच्या पिशवीत सहा दिवसांच्या दशम्या, चिवडा, फुटाणे आणि शेंगदाण्याची चटणी.

आमच्या पॅकेजमध्ये सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण हॉटेलातच होतं. माझं ऐकाल तर हे घेऊ नका. पहिल्या रात्री मी मॅनेजरला विचारलं, चिकन हलाल आहे का? तो म्हणाला, "सब हलाल है सर." मित्रानं विचारलं, व्हेज वेगळं आहे का? "सब व्हेज भी है सर." काकू ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर वाढप्यानं मच्छीच्या रश्श्यातला डाव काढला आणि वरणात घातला. काकू काही बोलल्या नाहीत. खोलीवर गेल्या आणि दशमी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाहेर जेवलो. अबर्डीन बाजारात एम. जी. रोडवर अन्नपूर्णा आहे, शाकाहारी. डोसा चांगला, गर्दी भरपूर, चकचकीतपणा काही नाही. काकूंना तिथलं चाललं. मला आणि बायकोला घंटाघराच्या बाजूला एक मापिला हॉटेल सापडलं. 1921 च्या मलबारच्या उठावानंतर इंग्रजांनी शेकडो मापिला मुसलमानांना शिक्षा देऊन इथं आणलं. पुढं त्यांची कुटुंबंही आली. दक्षिण अंदमानात आजही कालिकत, मलप्पुरम, मंजेरी, तिरूर नावाची गावं आहेत. माणसं गावाचं नाव सोबत घेऊन आली आणि बिर्याणीही. तिथं हलाल आहे का हे विचारायची गरजच पडली नाही.

पण एक गंमत झाली. मालकानं ताजा खेकडा दाखवला. मी म्हणालो, आमच्याकडे चालत नाही. तो हसला. "हनफी हो क्या?" म्हटलं, हो. मापिला शाफई. आपल्या कोकणातले मुसलमानही शाफई. त्यांना समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. आम्हा हनफींना मासा तेवढा चालतो, खेकडा नाही, आणि कोळंबीवर तर आमच्याच मौलानांचं एकमत नाही. आम्ही वऱ्हाडी. आमचा मासा सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातला. खेकड्याचा मसला आमच्यापुढं कधी आलाच नव्हता. सुरमई मागवली. माशाला जबह लागत नाही, त्यामुळं बेटावर मुसलमानाची अडचण मुळात फार मोठी नसते. फक्त वजनावर विकणाऱ्यांकडे भाव आधी विचारून घ्या, आणि तळलेला मासा कोणत्या तेलात तळला ते.

पोट भरत होतं, मग तक्रार कसली? पाच माणसं एवढ्या लांब एकत्र आली आणि जेवायला दोन वेगळ्या दारांनी आत जात होती. मित्र एकदा रस्त्यात थांबून म्हणाला, "आपण गावातही असंच करतो ना बे." मी म्हणालो, गावात सवय आहे.

सवय म्हणजे काय ते सांगतो. ईदच्या दिवशी अम्मी काकूंकडे शीरखुर्मा पाठवत नसे. ती शिधा पाठवायची. कच्च्या शेवया, खोबरं, खारका, साखर, वरून झाकलेलं ताट. काकू ते आपल्या चुलीवर करायच्या आणि निरोप यायचा, छान झाला होता म्हणून. त्यांच्याकडून मात्र पुरणपोळी शिजूनच यायची आणि आम्ही ती उभ्या उभ्या संपवायचो. यात कुणाचा अपमान आहे असं अम्मीला कधी वाटलं नाही. मला बाराव्या वर्षी वाटलं. मी ताट न्यायला नकार दिला आणि अम्मीची थप्पड खाल्ली. त्यानंतर तीस वर्षं ताट नेलं, पण ते वाटणं काही गेलं नाही.

हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला, काकूंनी पिशवीतलंच खाल्लं. जेटीजवळ शहाळं मिळालं, केळी मिळाली. तिथून नीलला, शहीद द्वीपला, बोट लागली तेव्हा त्यांनी पिशवी उघडली आणि पुन्हा बांधली. दशम्यांना बुरशी आली होती. आपल्याकडच्या कोरड्या हवेत आठ दिवस टिकणारी दशमी समुद्राच्या दमट हवेत पाचव्या दिवशी गेली. चिवडा तर कधीचाच सादळला होता.

नील लहान बेट आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं इथं आणि हॅवलॉकला वसवलं. त्यामुळं बाजारातली छोटी जेवणाची दुकानं बंगाली. भात, डाळ, एक भाजी, पापड, आणि मासा वेगळा. आमच्या अख्ख्या प्रवासातलं सगळ्यात चवदार जेवण मी या दुकानांत जेवलो. शाकाहारी माणसानं तिथं नुसतं 'व्हेज' म्हणू नये, 'मच्छी भी नहीं' असं म्हणावं. बंगाली डाळीत माशाचं डोकं पडू शकतं. आणि लवकर जेवा. जानेवारीत संध्याकाळी साडेपाचच्या आत अंधार पडतो, त्यानंतर बाजार फार वेळ थांबत नाही.

मित्र आणि वहिनी ओहोटीची वेळ साधून खडकाचा नैसर्गिक पूल बघायला गेले. ते खडक काकूंच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते, म्हणून आम्ही तिघं बाजारात राहिलो. एका दुकानात मी बाईंना विचारलं, साधा वरण-भात मिळेल का, मच्छीचं काहीच न लागलेला? त्या सरळ म्हणाल्या, "झूठ नहीं बोलूंगी. कढ़ाई एक है, तेल एक है." सगळ्या सहलीत मला हे उत्तर सगळ्यात आवडलं. मग त्याच म्हणाल्या, नवीन भांडं आणा, शेगडी धुऊन देते.

समोरच्या दुकानातून मी ॲल्युमिनियमचा एक गंज घेतला, एक पळी, सूर्यफूल तेलाची बंद पिशवी, तांदूळ, मुगाची डाळ आणि दोन वांगी. बायको शेगडीपाशी उभी राहिली आणि थबकली.

"काकू, तुम्ही टाकता की मी टाकू?"

काकू बाकावर बसलेल्या. चपला काढलेल्या, पाय सुजलेले. जरा वेळ त्या गंजाकडे बघत राहिल्या. मी उगाच रस्त्याकडे तोंड केलं. आमच्या गावचे गोविंदप्रभू कुणाच्याही घरात शिरायचे, महारा-मांगांच्या, दीक्षितांच्या, आणि मनात येईल ते मागून खायचे. गावातल्या मोठ्या लोकांना त्याचा राग यायचा, हे म्हाइंभटांनी लिहून ठेवलंय. पण ते प्रभू. काकूंनी पन्नास वर्षं एक नेम पाळला होता, आणि तो त्यांनी माझ्यासाठी मोडावा असं मला खरंच वाटत नव्हतं. वाटत नव्हतं असं मी स्वतःला सांगत होतो.

"माहे पाय सुजले व बाई," काकू म्हणाल्या. "तूच टाक. मी सांगतो."

मग त्यांनी सांगितलं, भरपूर सांगितलं. जिरं आधी, हळद कमी, पाणी अजून. बायकोनं ऐकलं थोडं आणि केलं तिच्या मनाचं. खिचडी केळीच्या पानावर वाढली. काकूंनी हात जोडले, नाव घेतलं आणि जेवल्या. दुसऱ्यांदा घेतली. तेवढ्यात मित्र आला, ओल्या पँटमध्ये. आईसमोरचं पान बघितलं, माझ्या बायकोच्या हातातली पळी बघितली. काही विचारलं नाही. एक पान ओढून बसला. वहिनी बसल्या, आम्ही बसलो. दुकानवाल्या बाईंनी शेगडीचे पैसे घेतले नाहीत, पापड भाजून दिले.

"मीठ जास्त झालं," काकू हात धुता धुता म्हणाल्या.

गंज आम्ही गावी आणला. मासोळी-मटणाच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून बायकोनं तो वरच्या फळीवर ठेवला. एप्रिलमध्ये ईद आली. सकाळी नमाजहून आलो तर अम्मीनं नेहमीसारखं ताट झाकून ठेवलेलं, कच्च्या शेवया, खोबरं, खारका, साखर. मी नेऊन दिलं. काकूंनी झाकण उचललं, पुन्हा ठेवलं आणि ताट माझ्याच हातात परत दिलं.

"कच्च्या काहून आणल्या रे? तो अंदमानचा गंज कुठी गेला?"