नौकादंड

भिलाईच्या पोलादनगरीत आज विरघळून गेलेले रिसाली हे मूळचे एक खेडे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि दुर्ग जिल्ह्यातल्या भातशेतीच्या मुलखात पाहता पाहता सेक्टरांची वसाहत उभी राहिली. भंडारा, गोंदिया, नागपूर या भागांतली कितीतरी मराठी कुटुंबे रेल्वेने येथे आली आणि येथलीच झाली. रिसालीही वाढत गेली. २०२१ च्या डिसेंबरात तर तिच्या स्वतंत्र महापालिकेची निवडणूकही झाली. पोलादाला आगीइतकेच पाणीही लागते. तांदुळा धरणाचे पाणी कालव्याने येते, मरोद्याच्या जलाशयात साठते आणि कारखान्याची तहान भागवते. जवळच १९७२ साली उभारलेली मैत्रीबाग आहे. तिच्या तलावात होडीत बसलेली मुले आता आजोबा-आजी झाली आहेत.

अशाच एका आजोबांची ही हकीकत. भंडारा जिल्ह्यातून तरुणपणी आलेले, कारखान्यात अडतीस वर्षे नोकरी करून फोरमन म्हणून निवृत्त झालेले आणि रिसालीत छोटेसे घर बांधून राहिलेले हे गृहस्थ. त्यांची नात नागपूरहून सुटीत आली होती. नऊ वर्षांची. एका रविवारी आजोबा तिला घेऊन दुर्गच्या पलीकडे एका धरणावर गेले. तेथे कुणा ठेकेदाराने यांत्रिक बोटीतून फेरी मारण्याची सोय केली होती. काठावर तिकिटांच्या दराची मोठी पाटी होती, भेळेच्या गाड्या होत्या, गाणी वाजत होती. बोट भरत होती. भरल्यावरही भरत होती.

आजोबांनी दोन जीवरक्षक जाकिटे मागितली. पोरगेल्या नावाड्याने हसून बाकाखालून एक ओढून काढले. ते मोठ्या माणसाच्या मापाचे होते आणि त्याचा एक पट्टा तुटलेला होता. "बाबूजी, दस मिनट की तो बात है," तो म्हणाला. नात म्हणाली, "आजोबा, कुणीच घातलं नाहीये. फोटोत कसं दिसेल ते!" आजोबांनी बोटीच्या काठाकडे पाहिले. पाणी काठाच्या वीतभर खाली आले होते. त्यांनी नातीचा हात धरला आणि दोघे खाली उतरली. मागून कुणीतरी म्हणाले, "बुजुर्ग डर गए." बोट सुटली, धरणाला वळसा घालून पंधरा मिनिटांनी परत आली. सर्व माणसे हसत उतरली. कुणाच्या कपड्याला पाण्याचा थेंबही लागला नव्हता.

एवढीच घटना. वस्तुतः तिला घटना म्हणणेही कठीण, कारण काहीच घडले नाही. परंतु सुरक्षेच्या साऱ्या प्रश्नाची गाठ या 'काहीच घडले नाही' मध्येच आहे. जो सावध राहिला तो भित्रा ठरला, आणि ज्याने वाजवीपेक्षा जास्त माणसे कोंबली त्याच्या बाजूने सुखरूप परतलेल्या बोटीने साक्ष दिली. उद्या तो आणखी दोन माणसे बसवील. न झालेल्या अपघाताचा पुरावा कुणालाही देता येत नाही. तपासनीस, पंच, फोरमन, आई या सर्वांच्या नशिबी हे एकच दुःख लिहिलेले असते. त्यांचे काम यशस्वी झाले, तर ते अनावश्यक होते असे वाटू लागते.

संस्कृत कोशांत वल्ह्याला 'नौकादंड' असा एक शब्द आहे. येथे दंड म्हणजे काठी. त्याच दंडातून शिक्षा हा अर्थ निघाला आणि मराठीत तो पैशाच्या भुर्दंडापर्यंत येऊन स्थिरावला. होडी पुढे नेणारा दंड आणि होडीवाल्याकडून वसूल होणारा दंड हे एकाच शब्दाच्या पोटी जन्मलेले आहेत. हा योगायोग असेल. पण प्राचीन शास्त्रकारांना या दोन दंडांचे नाते ठाऊक होते असे दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'नावध्यक्ष' या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. अवेळी किंवा उतार नसलेल्या ठिकाणी नदी ओलांडणाऱ्याला त्यात दंड सांगितला आहे. मात्र कौटिल्य तेथेच थांबत नाही. पुरेसे खलाशी नसल्यामुळे, साधने नसल्यामुळे किंवा डागडुजी न केल्यामुळे नाव बुडाली, तर झालेली हानी नावध्यक्षाने भरून द्यावी असे तो सांगतो. दंडाचा रोख तपासणीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याच्याकडेही वळतो. मनुस्मृतीनेही नावाड्यांच्या अपराधाने झालेले नुकसान आणि दैवी आपत्तीने झालेले नुकसान असा भेद केला आहे. पहिले नावाड्यांनी आपापसांत वाटून भरायचे. दुसऱ्याबद्दल कुणालाही दंड नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या समाजाला अपराध आणि दैव वेगळे करता येत होते. आपण मात्र प्रत्येक बुडालेल्या बोटीनंतर 'दुर्दैवी घटना' म्हणतो आणि दोन्ही पुन्हा एकत्र कालवून टाकतो.

मराठी माणसाच्या स्मरणात बोट बुडणे म्हटले की 'रामदास' येते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्या दिवशीची आषाढी अमावास्या आणि पिसाळलेला समुद्र आजही सांगितला जातो. वादळाची गोष्ट सांगणे सोपे असते. तिच्यात दैवाला भरपूर जागा असते. पण शहराच्या मधोमध असलेल्या निवांत तळ्यात माणसे बुडतात तेव्हा दैवाला कोठे उभे करायचे? बडोदे हे गायकवाडांचे नगर, मराठी घरांचे जुने गाव. ११ ऑगस्ट १९९३ रोजी तेथल्या सूरसागर तलावात सहलीची बोट उलटली आणि २२ जण बुडाले. बोटीत क्षमतेहून कितीतरी अधिक माणसे होती. त्यानंतर तीस वर्षे लोटली. १८ जानेवारी २०२४ रोजी त्याच बडोद्यात हरणी तलावावर शाळेची सहल आली होती. बोट उलटली, १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. पुन्हा अतिभार, पुन्हा पुरेशी जाकिटे नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. एका शहराने एकच धडा दोनदा शिकावा आणि मधल्या काळात वाढलेल्या पिढीच्या मुलांनी त्याची किंमत द्यावी, यात वादळवाऱ्याचा काहीएक संबंध नव्हता.

त्याआधी ७ मे २०२३ रोजी केरळात तानूर येथे मासेमारीची होडी फिरवून बनवलेली प्रवासी नौका उलटून २२ जणांचा अंत झाला होता. त्यांत बहुसंख्य मुलेच होती. हरणीनंतर पाचच दिवसांनी गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत डोंगा उलटला. त्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर स्त्रिया होत्या. डोंगा हा शब्द वैनगंगेकाठच्या मराठीत आहे आणि शिवनाथेकाठच्या छत्तीसगढीतही आहे. या बायका विहाराला निघाल्या नव्हत्या. पलीकडे काम होते म्हणून त्या बसल्या. विहाराच्या बोटीची तपासणी निदान कागदावर असते. मजुरीच्या डोंग्याकडे कागदही वळत नाही. सुरक्षेचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. नाहीतर दंडाची पावती फक्त तिकीट काढणाऱ्यांच्या जिवाची राखण करील.

कायदे नाहीत असे नाही. मध्य प्रांतालाही लागू असलेल्या १८७८ च्या नौघाट अधिनियमाने घाटावर उताराच्या दरांचा तक्ता ठळक जागी लावण्याची सक्ती केली होती. १९१७ च्या अंतर्देशीय जहाजांच्या कायद्याने यांत्रिक बोटींची पाहणी, तिचे प्रमाणपत्र आणि त्यात नमूद केलेली प्रवाशांची संख्या या गोष्टी आणल्या. ते प्रमाणपत्र बोटीवर सर्वांना दिसेल असे लावायचे, आणि संख्या ओलांडली तर जादा बसवलेल्या प्रत्येक माणसामागे दंड. त्याची जागा आता २०२१ च्या कायद्याने घेतली आहे आणि तो ७ जून २०२२ पासून अमलात आहे. नोंदणी, पाहणी, विमा, जीवरक्षक साधने या सर्वांची तरतूद त्यात आहे. वल्ह्यांच्या होड्यांसाठीही वेगळे प्रकरण आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली नौकासुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. म्हणजे हरणीच्या दिवशी शब्दांची वाण नव्हती. वाण होती ती काठावर उभे राहून माणसे मोजणाऱ्या एका माणसाची.

मोजणे ही गोष्ट दिसते तितकी क्षुल्लक नाही. बोटीत माणसे वाढली की ती खोल बसते आणि पाण्याबाहेर राहिलेला काठ कमी होतो. मग फोटोसाठी चारपाच जण एकाच बाजूला उभे राहिले, की त्या बाजूने पाणी आत येते. आत आलेले पाणीही त्याच बाजूला धावते आणि सावरायला अवधी उरत नाही. इंग्लंडात सॅम्युअल प्लिमसोल या खासदाराने हे ओळखून जहाजाच्या कुशीवर भाररेषा असावी यासाठी झगडा केला. १८७६ साली कायदा झाला, पण रेषा कोठे काढायची हे मालकावर सोपवले गेले. रेषेची जागा कायद्याने ठरायला १८९० उजाडावे लागले. मधल्या काळात मालकाच्या सोयीने वर सरकू शकणारी ती रेषा म्हणजे जगातल्या यच्चयावत कागदी तपासण्यांचे प्रतीकच म्हणावे लागेल.

दंडाविषयी लोकांच्या मनात अढी असते आणि ती सर्वस्वी खोटी नसते. दंड पुष्कळदा चहापाण्यात विरून जातो. कधी ठेकेदार तो तिकिटाच्या दरातच धरून चालतो, आणि मग दंड ही अपराधाची परवानगी बनते. कधी दंड बसतो तो गरीब नावाड्यावर. ठेका ज्याच्या नावाचा, तो घाटावर कधी आलेलाच नसतो. जाकीट न घालणाऱ्या प्रवाशाकडून शंभर-दोनशे रुपये घेणे सोपे आहे. परंतु मुलांच्या मापाची जाकिटेच नसतील, असलेली पेटीत कुलूपबंद असतील, तर दंड कुणाला करायचा? येथे कौटिल्याची आठवण होते. जोवर पाहणी न करता सही करणाऱ्याच्या दाराशी दंड पोहोचत नाही, तोवर तो काठीच राहील. त्याचे वल्हे होणार नाही.

तरीही दंड हवा, असे त्या निवृत्त फोरमनना वाटते. त्यांच्या मताला त्यांच्या नोकरीचे वजन आहे. भिलाईत सुरक्षेच्या पाट्या पावलोपावली आहेत. त्या वाचून वाचून माणसाला दिसेनाशा होतात. १२ जून २०१४ रोजी कारखान्यात वायुगळती झाली आणि दोन उपमहाव्यवस्थापकांसह सहा जण मृत्युमुखी पडले. ते तेव्हा निवृत्त झालेले होते. पण त्या रात्री रिसालीतल्या घराघरांत दिवे जळत होते हे त्यांना आठवते. वायू हुद्दा पाहत नाही, पाणीही पाहत नाही. आपल्या कामाच्या वर्षांत त्यांनी पट्टा न बांधता उंचावर चढणाऱ्या कितीतरी पोरांच्या नावे चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांतले काही जण पुढे रस्त्यात भेटले तरी मान वळवून जात. ती वळलेली मान, ते म्हणतात, धडावर होती.

अपघातानंतरही पैसेच द्यावे लागतात. त्याला आपण सानुग्रह मदत म्हणतो. ती लाखांत असते, जाहीर होते आणि घेणाऱ्याचा हात थरथरतो. अपघाताआधीचा दंड शेकड्यांत असतो आणि देणारा रागावतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या बंदरात घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. समोरून आलेल्या धडकेनेही प्रवासी बोट बुडू शकते, हे त्या दिवशी दिसले. जाकीट बांधायचे ते यासाठीच. आपण सावध असलो तरी समोरून कोण येईल ते आपल्या हाती नसते. त्यानंतर गेटवेच्या धक्क्यावर प्रवाशांना जाकिटे घालायला लावू लागले. तोवर तेथेही बोटी रोज सुखरूप परत येतच होत्या.

त्या रविवारी परतताना नात गाडीत गप्प बसून होती. दुर्ग मागे पडले, रस्त्यावरचे दिवे लागले. भिलाईची वसाहत सुरू झाल्यावर ती बाहेर पाहतच म्हणाली, "आजोबा, ती बोट तर परत आली ना?"

"आली. आली ते बरंच झालं," आजोबा म्हणाले. "मी काही ती बुडावी म्हणून उतरलो नव्हतो, बाळा."

नात पुन्हा गप्प झाली. तिचे समाधान झाले नव्हते आणि आजोबांनीही ते करण्याचा प्रयत्न केला नाही. रिसालीचे वळण आले तेव्हा तिने आपणहून सांगितले, "बावीस जण होते त्यात. मी मोजले. नावाडी धरून तेवीस."

"आणि किती बसायला हवे होते?"

तिने बराच वेळ आठवून पाहिले. "तिकिटाची पाटी होती," ती म्हणाली. "माणसांची पाटीच नव्हती, आजोबा."