पाटणहून मिरजोळीला
कोयना आणि केरा यांच्या संगमावरचे पाटण सोडले, की चिपळूणची वाट कोयनानगरवरून कुंभार्ली घाटाकडे निघते. धुके पाहत घाट उतरावा, पण वाचकहो, चिपळूणजवळच्या मिरजोळीला थोडे थांबावे. हमीद दलवाई १९३२ साली येथे जन्मले.

इस्लाम आणि मानवी हक्क या विषयावर देशोदेशी चर्चा झडतात. १९९० साली कैरोत इस्लामी राष्ट्रांनी हक्कांचा जाहीरनामाही काढला. दलवाईंचा प्रश्न त्याहून जुना आणि अगदी घरातला: तीनदा उच्चारलेल्या शब्दाने बाईचा संसार का मोडावा? १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांसह त्यांनी मुंबईत मोर्चा काढला. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. त्यातला ‘सत्यशोधक’ जोतीराव फुल्यांचा, आणि फुल्यांचे मूळ गाव कटगुण आमच्याच सातारा जिल्ह्यातले!

दलवाई १९७७ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. असा एका दमातला तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २०१७ साली. त्या सात जणींच्या प्रश्नाला उत्तर मिळायला एकावन्न वर्षे लागली. पाटणहून मिरजोळी मात्र एका घाटापलीकडे आहे.