टाळकेश्वराचा दिवा

अंजनवेलला आत्याकडे गेलो की संध्याकाळी टाळकेश्वराच्या देवळापाशी जाऊन बसतो. शेजारीच दीपस्तंभ. अंधार पडला, दिवा लागला की मी सेकंद मोजू लागतो. समुद्रावरचा तांडेलही तेच करतो. किती चमका, किती सेकंदांनी, एवढ्यावरून दिवा कुठला ते ओळखतो आणि वाशिष्ठीच्या मुखाचा अंदाज घेतो. प्रत्येक दिव्याची ही खूण दिव्यांच्या यादीत छापलेली असते. आत तेलाची वात आहे की एलईडी, हे बोटीला ठाऊक नसतं. बोटीला शीड आहे की इंजिन, हे दिव्याला. जगभर वाती गेल्या, वीज आली, पण त्यापायी कुणाला बोट बदलावी लागली नाही. खूणच बदलायची असेल तर मात्र नाविकांसाठी सूचना निघते.

दोन सॉफ्टवेअर प्रणालींनी एकमेकांशी कसं बोलायचं ते आखणं, हे माझं काम. पैसे पाठवण्याच्या एका प्रणालीत आम्ही निकाल लागला की दोनच उत्तरं देत असू: ‘यशस्वी’ किंवा ‘अयशस्वी’. मग मी तिसरं घातलं, ‘प्रलंबित’. मला ती नुसती भर वाटली. पलीकडे मात्र लिहिलेलं होतं: ‘यशस्वी’ नसेल तर पैसे परत करा. रात्रभर परतावे गेले आणि सकाळी तेच व्यवहार पूर्णही झाले. खूण मी बदलली होती, सूचना न काढता.

देताना काटेकोर राहा, घेताना उदार, हे जॉन पोस्टेल यांचं तत्त्व टीसीपी या इंटरनेटवरच्या संवादपद्धतीच्या १९८१च्या नियमावलीत आहे. मला ते अर्धंच पटतं. संदेशात अनोळखी रकाना आला तर खुशाल सोडून द्यावा. पण ओळखीच्या रकान्यात अनोळखी उत्तर आलं तर थांबावं, अर्थ लावू नये. त्यापेक्षा प्रोटोकॉल बफर्स या गूगलच्या संदेश-मांडणीतली शिस्त मला जवळची वाटते. तिथे प्रत्येक रकान्याला क्रमांक असतो. रकाना काढून टाकला तरी त्याचा क्रमांक राखून ठेवायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. जुना वाचक कुठेतरी असतोच.

‘प्रलंबित’ आम्ही नव्या आवृत्तीत हलवलं. जुनी आवृत्ती पूर्वीसारखीच, निकाल लागल्यावर उत्तर देत राहिली. दर सोमवारी मी तिच्या नोंदी उघडून अजून कोण येतंय ते बघायचो. चौदा महिन्यांनी एकच जण उरला होता. त्यांना फोन केला, तर म्हणाले, आमचा तो माणूस सोडून गेला, थोडा वेळ द्या. आम्ही आणखी तीन महिने दिवा चालू ठेवला.