जीपला पाटा वाढवण्याआधी

वाचकहो, तुमच्या दारात जुनी पाट्यांची जीप असेल, तर तिचं स्टिअरिंग नाचतं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. खड्ड्यात एक चाक आदळतं आणि पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात. मागे शाळेची पोरं नाहीतर बाजाराला निघालेली म्हातारी माणसं बसलेली असतात.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपा जोडायला घेतल्या, तेव्हापासून या गाडीचं पुढचं अंग साधं : अखंड धुरा, दोन बाजूंना पाटे. साधं आहे म्हणूनच ते घरी तपासता येतं. गॅरेजात गेलं की मात्र सल्ला मिळतो, ‘एक पाटा वाढवा, शॅकल लांब लावा, नाहीतर स्टिअरिंग डॅम्पर टाका.’ माझं मत विचाराल तर हे सगळं नंतर. डॅम्परने थरथर दबते, झिजलेला सांधा झिजलेलाच राहतो.

आमच्याकडे तपासणी दोघांनी होते. चिखल धुऊन जीप सपाटीला उभी करायची, इंजिन बंद. आमची मंडळी स्टिअरिंग दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे हलवते आणि मी खाली निजून एकेका सांध्यावर हात ठेवतो. एक दांडी हलली आणि तिला जोडलेली दुसरी जरा उशिरा हलली, की तो सांधा गेला. जुन्या जीपला मधोमध बेलक्रँक असतो, त्याचं बुश आधी बघा.

मग जॅक लावून, मागच्या चाकांना दगड देऊन, टायर वर-खाली धरून हलवा. चाक डुगडुगलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. डुगडुग थांबली तर चाकाची बेअरिंग सैल. तरीही राहिली तर किंगपिनची. निम्मं निदान इथेच होतं, आणि मिस्त्रीकडे जाऊन काय सांगायचं तेही कळतं.

लांब शॅकलचं म्हणाल, तर जीपला ते पुढच्या टोकाला असतं. ते वाढवलं की धुरा फिरते आणि किंगपिनचा मागे असलेला कल कमी होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही, गाडी रस्ताभर भटकते. उंची हवीच असेल तर पाटा आणि धुरा यांच्यामध्ये योग्य पाचर घालून कल परत आणावा लागतो. तुटलेला पाटा वेल्डिंग करून मात्र वापरू नका. उष्णतेने त्याचं पाणी उतरतं.

भाताच्या खाचरातून जीप आली की ग्रीस गन काढा. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत मारा. पाट्यांचं काम केलं असेल, तर दोनचारशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. आणि टाय रॉडच्या नटातली जुनी कॉटर पिन सरळ करून परत घालू नका; नवी पिन चहापेक्षा स्वस्त मिळते.