उट्रेख्तची भाड्याची सायकल

आमर्सफोर्टहून उट्रेख्तकडे जाणारी रेल्वे डेन डोल्डर आणि बिल्टहोवनच्या झाडीतून धावते, आणि ती झाडी मागे पडून घरांची दाटी सुरू होते न होते तोच गाडी उट्रेख्तच्या मुख्य स्थानकात शिरते. हा सारा प्रवास जेमतेम पाव तासाचा. हॉलंडातील बहुतेक मोठे लोहमार्ग ज्या गावी येऊन एकमेकांना मिळतात असे हे मध्यवर्ती गाव असल्यामुळे, प्रवाशांच्या संख्येत त्या देशातील दुसरे कोणतेही स्थानक उट्रेख्तची बरोबरी करू शकत नाही. माझी भाची नोकरीनिमित्त आमर्सफोर्टला राहते आणि तिची कचेरी उट्रेख्तला आहे. तिच्या घरी पाहुणचार घेत असताना, "मामा, चित्रसंग्रहालये तुम्ही पाहालच; पण एक दिवस माझ्याबरोबर माझ्या रोजच्या वाटेने चला," असा आग्रह तिने धरला, आणि सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी, आभाळ अर्धवट निवळलेले पाहून, आम्ही दोघे निघालो.

स्थानकाच्या पूर्व दरवाजाबाहेर जो विस्तीर्ण चौक आहे त्याच्या पोटात, जमिनीखाली, सायकलींचे एक भव्य आगर वसलेले आहे. तीन मजल्यांच्या या वास्तूत १२,५०० सायकली राहू शकतात. २०१९ साली ते काम पूर्णत्वास गेले तेव्हा जगात एवढे मोठे सायकलघर दुसरे नव्हते. परंतु आकड्यापेक्षा मला अधिक भावली ती तेथील रचना. आत येणारा मनुष्य सायकलीवरून उतरत नाही. रुंद, उजळ आणि सौम्य उताराच्या मार्गिकेवरून तो बसल्याबसल्याच खाली येतो, कोणत्या ओळीत किती जागा मोकळ्या आहेत हे वर लटकलेल्या दिव्यांच्या फलकांवर पाहतो, दुमजली मांडणीतल्या एका खाचेत आपले वाहन उभे करतो, आणि जवळच्याच जिन्याने फलाटाच्या रोखाने चालू लागतो. पहिल्या २४ तासांचे भाडे माफ. त्यापुढे किरकोळ आकार. शनिवार असूनही माणसांचा ओघ अखंड होता, आणि एवढ्या गर्दीत कोणी कोणावर खेकसताना काही ऐकू आले नाही. साध्या माणसाच्या साध्या वाहनासाठी एवढ्या काळजीने, एवढा खर्च करून आणि शहराच्या अगदी मोक्याच्या जागी अशी इमारत उभारावी, या गोष्टीने माझे मन भरून आले.

याच तळघराच्या एका भागात आमच्या उपयोगाच्या सायकली उभ्या होत्या. निळ्या-पिवळ्या रंगाच्या, एकसारख्या बांध्याच्या या सायकलींना तेथे 'ओव्ही-फीट्स', म्हणजे सार्वजनिक वाहतुकीची सायकल, म्हणतात. डच रेल्वेच्या मालकीच्या अशा सायकली देशभरातल्या सुमारे ३०० ठिकाणी मिळतात. त्या मिळण्यासाठी प्रवासाचे वैयक्तिक कार्ड लागे, आणि ते कार्ड भाडे परस्पर वसूल व्हावे म्हणून तेथील बँकेच्या खात्याशी जोडलेले असावे लागे. त्यामुळे चार दिवसांच्या परदेशी पाहुण्याला या योजनेचा लाभ सरळपणे घेता येत नव्हता, ही त्यातली एक उणीव मला जाणवली. मात्र एका कार्डावर एकाच वेळी दोन सायकली देण्याची मुभा असल्याने माझी अडचण भाचीने दूर केली. ओळीतल्या दोन सायकली आम्ही निवडल्या, कळ सैल करून बैठकीची उंची बेताची केली, आणि फाटकाशी बसलेल्या कर्मचाऱ्याने सायकलींवरील खूण व भाचीचे कार्ड यंत्रापुढे धरताच नोंद पुरी झाली. ना अर्ज, ना अनामत, ना जामीन. भाडे २४ तासांना पाच युरोंहूनही कमी, आणि सलग ७२ तासांपर्यंत सायकल ठेवता येते; ती मुदत टळली म्हणजे मात्र दंडादाखल जादा आकार पडू लागतो.

या सायकलीला गती बदलण्याची सोय नाही, आणि थांबायचे असेल तेव्हा पेडल उलट्या दिशेने दाबावे लागते. ब्रेकच्या दांडीवर बोटे ठेवण्याची आयुष्यभराची सवय असलेल्या माणसाला पायांनी थांबण्याची ही रीत अंगवळणी पडेपर्यंत थोडा अवधी लागतो, पण त्यामागचा हेतू ध्यानी आला की तिच्याविषयी आदरच वाटतो. पावसापाण्यात अहोरात्र राबणाऱ्या आणि रोज नव्या हाती जाणाऱ्या वाहनात बिघडण्यासारखे जितके कमी तितके बरे. म्हणून तारा कमी, दांड्या कमी, आणि जो ब्रेक आहे तो मागच्या चाकाच्या तुंब्यात झाकलेला. भूमी सपाट असल्यामुळे गतीच्या दात्यांवाचून कोणाचे काही अडतही नाही.

सायकल सर्वांची असावी, ही कल्पना त्या देशात आजची नव्हे. १९६५ साली ॲमस्टरडॅममधील 'प्रोव्हो' नावाच्या बंडखोर तरुणांच्या गटात ल्यूड स्खिमेलपेनिंक याने अशी योजना मांडली की, नगरपालिकेने पांढऱ्या रंगाच्या सायकली रस्त्यावर कुलपावाचून ठेवाव्यात, ज्याला हवी त्याने ती घ्यावी आणि काम झाले की तेथेच सोडावी. नमुन्यादाखल त्या मंडळींनी काही सायकली रंगवून ठेवल्याही. परंतु कुलपावाचून सायकल रस्त्यावर ठेवणे कायद्याविरुद्ध असल्याचे कारण दाखवून पोलिसांनी त्या जप्त केल्या. पुढे मोटारींचा सुळसुळाट इतका झाला की १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्या दुःखातून 'मुलांची हत्या थांबवा' ही चळवळ उभी राहिली, १९७३च्या तेलटंचाईने रविवारी मोटारी बंद ठेवण्याचे हुकूम निघाले, १९७५ साली सायकलस्वारांचा संघ स्थापन झाला, आणि हळूहळू सरकारदरबारी सायकलीची दाद लागली. आज ज्या तांबड्या, गुळगुळीत सायकलमार्गांचे आपण कौतुक करतो ते डच स्वभावात उपजत होते असे मानणे म्हणजे ती चळवळ चालवणाऱ्या आईबापांच्या कष्टांवर अन्याय करणे होय.

स्थानकांवरील भाड्याची सायकल मात्र बरीच उशिरा, २००३ साली आली, आणि तिचे कारण अगदी व्यावहारिक होते. घरापासून स्थानकापर्यंत सायकलीने येणारे प्रवासी त्या देशात जवळजवळ निम्मे. पण गाडीतून उतरल्यावर पुढे काय? तेथे सायकल नाही म्हणून कित्येक जण कामाच्या गावच्या स्थानकावर दुसरी जुनी सायकल कायमची ठेवून देत. ती दिवसाचे आठ तास कचेरीच्या दारात आणि उरलेले सोळा तास, शिवाय शनिवार-रविवार, स्थानकात जागा अडवून उभी राहणार! तीच एक सायकल अनेकांनी आळीपाळीने वापरावी, एवढाच या योजनेचा मूळ विचार. २००८पासून रेल्वेनेच तिचा कारभार आपल्याकडे घेतला, आणि २०१९ साली या सायकलींवरून वर्षाकाठी पन्नास लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या.

हे सारे भाची मला सांगत होती ते आम्ही काथरायनसिंगल या खंदकाच्या काठाने चाललो असताना. उट्रेख्तच्या जुन्या तटाभोवतीचा हा खंदक मोटारींच्या भरभराटीच्या काळात कोरडा करून त्याच्या पात्रातून द्रुतगती रस्ता नेण्यात आला होता. तो रस्ता उखडून २०२० साली तेथे पुन्हा पाणी सोडण्यात आले. काठावर हिरवळ, पाण्यात लहान नावा, आणि एकेकाळी तेथून मोटारी धावत होत्या असे कोणी शपथेवर सांगितले तरी पटू नये अशी शांतता. गावकारभाऱ्यांनी आपल्याच आधीच्या पिढीचा निर्णय फिरवावा आणि तो फिरवण्यासाठी एवढा पैसा ओतावा, याला मोठे मनोधैर्य लागते.

तेथून पश्चिमेकडे वळून आम्ही ओख-इन-आल नावाच्या वस्तीत आलो. ॲमस्टरडॅम-ऱ्हाइन कालव्यावर येथे सायकलींचा आणि पादचाऱ्यांचा झुलता पूल असून, याच नगरीची धावपटू डाफ्ने स्खिपर्स हिचे नाव त्याला दिलेले आहे. कालव्यातून मोठमोठे पडाव जात असल्यामुळे पूल उंच बांधणे भाग होते. उंच पुलाला लांब चढण हवी. आणि चढणीसाठी नेमकी जागा नव्हती, कारण तेथे मुलांची शाळा उभारायची होती. तेव्हा वास्तुकारांनी सायकलमार्ग शाळेच्याच छतावरून वळवून नेला! २०१७ साली खुल्या झालेल्या या मार्गावरून आम्ही सावकाश चढत गेलो तेव्हा खाली शाळेचे अंगण दिसत होते, आणि समोरून एक आजीबाई, पुढच्या टोपलीत भाजी आणि मागच्या बैठकीवर नातू, अशा थाटात न धापता उतरत येत होत्या. चढण इतकी हलकी की गती बदलण्याची सोय नसलेली आमची सायकलही कुरकुरली नाही.

पूल पाहून परत अलीकडे येऊन आम्ही कालव्याच्या रोखाने हाउटनकडे निघालो. शेतांतून गायी, चरांच्या काठी लव्हाळे, आणि वाऱ्याचा पाठीवर हात. हाउटन हे गाव नगररचनाकार रॉब डर्क्स यांनी सायकल हाच केंद्रबिंदू मानून आखले: मोटारीने एका पेठेतून दुसऱ्या पेठेत जायचे तर गावाबाहेरच्या वर्तुळमार्गाला वळसा घालावा लागतो, सायकल मात्र नाकासमोर मधून जाते. रेल्वेचे रूळ उंचावर आहेत आणि फलाटांच्या बरोबर खाली सायकलींचा तळ आहे. जिना चढले की गाडी.

त्या जिन्यापाशी उभे असताना माझ्या मनात आले की सायकली येथेच सोडाव्यात आणि गाडीने उट्रेख्तला परतावे. निळ्या सायकली तेथेही होत्या, मालक तोच, हिशेब तोच. भाची म्हणाली, "सोडता येईल, मामा, पण सायकलीमागे १० युरो जादा द्यावे लागतील. जेथून घेतली तेथेच ती परत करायची, हा नियम आहे."

प्रथम मला हा नियम जाचक वाटला. परंतु त्यावर विचार करू लागलो तशी संपूर्ण योजनेची चावी त्यातच आहे अशी माझी खात्री झाली. पॅरिससारख्या शहरात २००७पासून चाललेल्या योजनेत सायकल कोठूनही घ्यावी आणि कोणत्याही ठाण्यावर सोडावी अशी सवलत आहे. परिणामी सकाळी एके ठिकाणी सायकलींचा खच पडतो, दुसरीकडे खाचा रिकाम्या राहतात, आणि गाड्यांवर लादून त्या सतत इकडून तिकडे वाहून न्याव्या लागतात. डच रेल्वेने निराळी गोष्ट हेरली: जो मनुष्य गाडीने परगावी आला आहे तो संध्याकाळी घरी जाण्यासाठी त्याच स्थानकावर येणार. तो येतो तेव्हा सायकलही आपल्या पायांनी घरी येते. वाहून नेण्याचा खर्च वाचतो, आणि म्हणूनच भाडे एवढे माफक ठेवता येते. शिवाय ताशी हिशेब नसल्याने सायकल दिवसभर आपल्या दिमतीला, कचेरीच्या दारात, मित्राच्या अंगणात उभी राहते. ती परत देण्याची टोचणी मनाला नसते.

आणि हे लक्षात येताच मला पुणे आठवले. सायकलींचे शहर म्हणून पुण्याची ख्याती होती त्या काळी पेठापेठांतून ताशी भाड्याने सायकली देणारी दुकाने होती. दुकानदार वहीत नाव, पत्ता आणि वेळ टिपून घेई, अनोळखी माणसाकडे कोणाची तरी हमी मागे, आणि सायकल त्याच दुकानी परत आणून द्यावी लागे. तत्त्व तेच. अलीकडे पुण्यातही निरनिराळ्या कंपन्यांच्या भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती आल्या आणि पाहता पाहता नाहीशा झाल्या. त्यांना रेल्वे स्थानकाचा, ठरल्या जागेचा आणि रोज परतणाऱ्या गिऱ्हाइकाचा आधार कोणी दिला असता तर काय घडले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. शिवाजीनगर किंवा चिंचवडच्या स्थानकावर लोकलमधून उतरणारा कारकून, विद्यार्थी, परिचारिका यांना पुढच्या दोन-तीन मैलांसाठी रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागते, आणि दोन-तीन मैल हे तर सायकलीचेच अंतर!

आम्ही सायकलींवरूनच परत फिरलो. जाताना पाठीशी असलेला वारा आता छातीवर आला, आणि डोंगर नसलेल्या या देशात वाऱ्यालाच चढ का मानतात ते मांड्यांना पुरेपूर कळले. मध्येच पावसाची एक सर येऊन गेली. आमच्याखेरीज कोणी आडोशाला थांबले नाही. सायंकाळी उट्रेख्तच्या तळघरात सायकली यंत्रापुढे धरल्या, दोन्हींची परतीची नोंद झाली, आणि आमच्या देखत त्यांतली एक, बैठक अजून ओली असतानाच, पाठीवर पडशी घेतलेल्या एका तरुणाने रुमालाने पुसून घेतली व तो वर निघून गेला.

गाडीत बसल्यावर मी भाचीला विचारले, "कधी सायकल मिळालीच नाही, असे होते का?"

"होते ना," ती म्हणाली. "मंगळवारी आणि गुरुवारी सारी कचेरी-मंडळी एकदम लोटतात, उशिरा आलेल्याला मग ट्रामची वाट धरावी लागते. म्हणून मी गाडीत बसतानाच फोनवर शिल्लक पाहून घेते." रेल्वेने सायकली आणखी वाढवाव्यात असे तिचे ठाम मत होते, आणि माझेही. बिल्टहोवन मागे पडले तेव्हा तिने पुन्हा फोन काढला होता: बुधवारी डेव्हेंटरला जाण्याचा बेत होता, तेथे सायकली कोणत्या बाजूला मिळतात ते ती पाहत होती.